अर्धीच ऐकू आलेली हाक

देवावर माझा विश्वास होता, भरवसा मात्र नव्हता. दोन्ही एकच असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्यासारखा माणूस जवळून पाहिलेला नसणार. दर शनिवारी मी घराजवळच्या मारुतीला तेल वाहायचो, प्रदक्षिणा घालायचो, आणि पायरीशी काढलेल्या चपला जागेवर आहेत ना हे प्रत्येक प्रदक्षिणेला मान वळवून बघायचो. हातात बारा महिने छत्री. उन्हाळ्यात ऊन म्हणून, पावसाळ्यात पाऊस म्हणून, आणि मधल्या दिवसांत कुत्री अंगावर येतात म्हणून. माझी बायको म्हणायची, "तुमचा खरा देव ती छत्री. एकदा तिलाच तेल घाला." मी ते हसण्यावारी न्यायचो, पण आत कुठेतरी झोंबायचं.

आम्ही तंजावरचे मराठी. राजांबरोबर आमचा कुणी पूर्वज इकडे आला. राजे गेले, आम्ही राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, असं आमचं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मी इथल्याच एका शाळेत भूगोल शिकवायचो. मराठी आम्ही बोलतो, लिहिण्याची वेळ सहसा येत नाही. हे लिहितो आहे ते भाचीने पिच्छा पुरवला म्हणून, आणि यातलं शुद्धलेखनही तिनंच सुधारून दिलेलं आहे. ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट, तो साठ सालाच्या जरा अलीकडचा. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिचं नाव शकू.

माझी धाकटी बहीण पुण्याला दिलेली. तिची पहिली दोन मुलं जगली नाहीत. शकू तिसरी. त्या वर्षी माघ-फाल्गुनात बहिणीच्या छातीत क्षय निघाला आणि तिला गावाबाहेरच्या आरोग्यधामात ठेवावं लागलं. मुलीला जवळ येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मेहुण्यांची नोकरी फिरतीची. तेव्हा शकूला उन्हाळाभर तंजावरला न्यायचं ठरलं आणि मी तिला आणायला गेलो. बहीण व्हरांड्यात कांबळं पांघरून बसली होती, शकू फाटकाशी उभी होती, आणि दोघी लांबूनच एकमेकींकडे बघत होत्या. निघताना बहीण म्हणाली, "अण्णा, मला ही परत आणून दे. बाकी काही मागत नाही." मी थट्टेने म्हटलं, छत्रीखाली ठेवीन तिला. ती हसली नाही. पुढचे दोन महिने ते वाक्य माझ्याबरोबर उठायचं आणि माझ्याबरोबर निजायचं.

घरी आल्यावर बायकोनं बहिणीसाठी घरातल्या मारुतीच्या तसबिरीपुढे रोज दिवा लावायला सुरुवात केली. मला रागच आला. दिव्याने ताप उतरत असता तर डॉक्टरांनी तेलाची दुकानं थाटली असती, असं मी तिला सुनावलं. तिने वात तेवढी पुढे सरकवली. खरं सांगायचं तर मी देवावर रुसलो होतो. दोन मुलं नेली, आता आईला धरलं. अशाच्या हाती तिसरं कसं सोपवायचं? शकूला मी सांभाळणार, माझ्या दोन डोळ्यांनी आणि दोन हातांनी. त्यात त्याचा संबंध नको, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

पण शकू म्हणजे सांभाळायला सोपी पोर नव्हती. सकाळी शहाण्यासारखी असायची, दुपार झाली की तिण्णैवर, म्हणजे आमच्या दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसायची आणि विचारायची, "आई बरी झाली का?" नाही म्हटलं की गप्प. त्या गप्प बसण्याची आम्हा दोघांना धास्ती वाटायची. एकदा तिला सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसवून पुदारूच्या काठाने फिरवून आणलं, तर रात्री दोन घास जास्त जेवली. पुदारू म्हणजे आमच्या गावातून जाणारा मोठा कालवा. उन्हाळ्यात तो ठणठणीत कोरडा. दुसऱ्या दिवशी तिनेच छत्री आणून माझ्या हातात दिली. त्यानंतर आमची भटकंतीच सुरू झाली.

घराभोवतीचा मुलूख मी जन्मभर पाहिलेला, शाळेत फळ्यावर काढून दाखवलेला, पण पायांनी तो पहिल्यांदा कळला त्या उन्हाळ्यात. वल्लमच्या लाल मुरमाच्या टेकाडांवर आम्ही घसरत उतरलो. ओरत्तनाडूच्या जुन्या छत्रापर्यंत, म्हणजे धर्मशाळेपर्यंत, सायकल हाणत गेलो आणि परत येताना चाक बसलं म्हणून निम्मी वाट चाललो. तिरुवैयारूला कावेरीच्या पात्रातून पायी पलीकडे गेलो. एवढी मोठी नदी पायी ओलांडली याचं तिला फार अप्रूप. दर वेळी माझा जीव टांगणीला. ती विहिरीच्या कठड्यावर बसायची, ताडाच्या झाडाला मिठी मारून चढू बघायची, एकदा मुंगसामागे धावत निवडुंगात शिरली. मी आपला मागे छत्री घेऊन, घामाघूम. बहिणीचं वाक्य कानात असायचंच.

बोलण्यावरून तर ती माझी रोज फिरकी घ्यायची. मी म्हटलं, "कोठें चाललीस गे? तेथेंच बैस," की तिला हसू आवरायचं नाही. "मामा, तुम्ही पोथीसारखं बोलता," म्हणायची. आम्ही 'सगळं' ला 'असकें' म्हणतो, यावर ती दिवसभर हसली होती. तमिळ शिकायला मात्र तिने साफ नकार दिला. खाण्यापिण्याचे चारदोन शब्द उचलले, बाकी सगळी भिस्त माझ्यावर. बाजारात कुणी काही विचारलं की माझ्याकडे बोट दाखवून मोकळी.

त्या भटकंतीत आमचा एक नियम ठरून गेला. मुरमाच्या टेकाडावर एकदा तिच्या पायाजवळून साप गेला. मी खालून ओरडलो, "वर गे, वर!" आणि ती काही न विचारता, मागे न बघता सरसर वर चढून गेली. घरी आल्यावर मी तिला शाबासकी दिली आणि सांगितलं, मी 'वर' म्हटलं की असंच करायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही. आधी चढायचं, मग विचारायचं. तिला तो खेळच झाला. कालव्याच्या उतारावर, देवळाच्या कोटावर, दगडांच्या राशीवर मी उगीचच म्हणायचो "वर", आणि ती खारीसारखी वर. असा तो शब्द तिच्या अंगात मुरला.

जून उजाडला आणि पश्चिमेचा वारा सुटला. आमच्याकडे हा वारा सुटला की कान भरतात, दारं आपटतात, बोलायचं ते जवळ जाऊन बोलावं लागतं. मेट्टूरच्या धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली. ते पाणी नद्या-कालव्यांतून आमच्यापर्यंत पोचायला काही दिवस लागतात. गावोगाव लोक वाट बघत असतात, काठावर उभे राहून नारळ फोडतात, फुलं टाकतात. पहिलं पाणी तसं हळूच येतं. फेसाची एक ओळ वाळू चाटत पुढे सरकते आणि मुलं तिच्यापुढे नाचत पळतात. मी शकूला सांगितलं होतं की परवापर्यंत आपल्या नदीत पाणी दिसेल. ती म्हणाली, मग उद्या मला शेवटचं वाळूत खेळायला न्या. बायको म्हणाली, कशाला आता नदीत, पाणी सुटलंय ना? मी तिला मेट्टूरपासूनचं अंतर आणि पाण्याचा वेग समजावून सांगितला. भूगोलाचा मास्तर मी. तिने वाद घातला नाही. आम्ही निघताना ती आत मारुतीच्या तसबिरीपुढे हात जोडून उभी असलेली मला दिसली.

वेण्णार नदीच्या पात्रात, गावापासून थोडं दूर, एका मोडलेल्या जुन्या पुलाचा एकच खांब उभा होता. विटांचा, रुंद बुंध्याचा, विटा झिजून जागोजाग खोबणी पडलेल्या आणि माथ्यावर पिंपळाचं रोप. तो पात्राच्या मध्यावर. त्याच्या आणि अलीकडच्या काठाच्या मध्ये नदीचा सगळ्यात खोल भाग. तिथली वाळू लोकांनी बांधकामाला नेलेली, त्यामुळे पुरुषभर खोल खड्डे. खांबाच्या बुंध्याशी शकूला हातांनी वाळू उकरून झिरा काढायचा होता. हातभर उकरलं की तळाशी स्वच्छ पाणी जमतं, ते ओंजळीने प्यायचं. तिला यापेक्षा मोठी गंमत ठाऊक नव्हती. ती उकरत बसली. ऊन वाढलं तसं म्हणाली, "मामा, ताडगोळे पाहिजेत." खाली पूर्वेच्या अंगाला काठावर एक म्हातारी ताडगोळे सोलत बसायची, ती आमच्या ओळखीची झालेली. मी म्हटलं, येथेंच बैस, हलूं नकोस, आणि छत्री उघडून निघालो. हाकेच्या अंतरावर तर होतो.

म्हातारी ताडगोळे पानात बांधत असताना तिचा हात थांबला. वाऱ्याच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला होता. सुपातून तांदूळ पाखडताना येतो तसा, पण थांबेचना. ती उभी राहिली आणि नदीकडे बघू लागली. मीही बघितलं. वरच्या वळणावर पात्राच्या या काठापासून त्या काठापर्यंत मातकट काहीतरी हलत होतं, आणि ती फेसाची ओळ नव्हती. पुढे कळलं की वरच्या एका गावात लोकांनी उन्हाळ्यात पाणी अडवायला वाळूचा बांध घातला होता. आलेलं पाणी त्यामागे तुंबलं आणि बांध एकदम फुटला. माझ्या हिशेबाच्या एक दिवस आधी आणि एका दमात, कमरेइतक्या उंचीने ते आलं.

शकू खांबाशी ओणवी होती, पाठ माझ्याकडे. मी धावलो. छत्री टाकली, ताडगोळे टाकले, आणि जीव खाऊन ओरडलो, "शकू, ये! इकडे ये! ये गे, ये!" माझ्या डोक्यात एकच होतं: तिने माझ्याकडे यावं, माझ्या हाताला लागावं. वारा पश्चिमेचा, माझ्या तोंडावर. शब्द तोंडातून निघायचा आणि माझ्याच घशात परत यायचा. ती हातांनी वाळू बाजूला सारत होती, निवांत. पाणी वळण पार करून सरळ पात्रात आलं. मग तिने मान वर केली. माझ्याकडे नाही, पश्चिमेकडे, पाण्याच्या दिशेने. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मी पुन्हा ओरडलो, ये! आणि ती माझ्याकडे पाठ करून खांबाला भिडली आणि खोबणीत पाय घालून चढू लागली.

मला त्या क्षणी तिचा असा राग आला की सांगता येत नाही. सगळं हातातून गेलं, आणि तेही तिच्या हट्टाने, असं वाटलं. पोरी, उलटी कुठे चाललीस? मी खड्ड्यांच्या कडेशी पोचलो तोच पाणी आलं. माझ्यापुढची वाळू, ते खड्डे, तिच्या पावलांचे ठसे, सगळं एका दमात दिसेनासं झालं. मी तसाच आत घुसलो. पाण्याने मला आडवं पाडलं आणि कुणीतरी मागून माझ्या कमरेची वेष्टी, म्हणजे धोतर, गच्च धरली. ती ताडगोळेवाली म्हातारी. एवढीशी बाई, पण तिने मला ओढून चिखलात बसवलं आणि खांबाकडे हात दाखवून म्हणाली, "पिळ्ळै मेले इरुक्कु, सामी. नी पोगादे." मूल वर आहे, तू जाऊ नकोस.

मूल वर होतं. पिंपळाच्या रोपाला धरून खांबाच्या माथ्यावर उकिडवं बसलेलं. परकर वाऱ्याने फडफडत होता. खांबाच्या दोन्ही अंगांनी पाणी कापत चाललं होतं, आणि जिथून ती धावत माझ्याकडे आली असती तिथे, त्या खड्ड्यांवर, भोवरे फिरत होते. एक आख्खं बाभळीचं झाड गोल गोल फिरून तिथे आत गेलं, आणि बऱ्याच खाली जाऊन वर आलं. ते बघितलं आणि मला कळलं की माझं ऐकून ती आली असती तर काय झालं असतं.

पण संकट टळलं नव्हतं. खांब जुना, विटा झिजलेल्या. थोड्या वेळाने बुंध्याजवळची एक वीट सुटून पाण्यात पडली. मग आणखी दोन. शकूने वाकून खाली बघितलं आणि रोप घट्ट धरलं. म्हातारी काठाने गावाकडे धावत गेली होती माणसं आणायला. मी तिथे एकटा उभा, आणि माझ्याजवळ करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आधी मी मारुतीला बोल लावले. मग नवस बोलू लागलो, हे करीन, ते करीन; आणि बोलता बोलता माझीच मला शिसारी आली. अजूनही मी सौदाच करत होतो. आणखी एक वीट पडली. तेव्हा माझ्या तोंडून एवढंच निघालं, "माझ्यानं होत नाही. तूच बघ." मोठ्याने बोललो की मनात, ते आठवत नाही. मी चिखलात बसलो, हात मांडीवर उघडे पडले, आणि तिच्याकडे बघत राहिलो. भीती गेली नाही. पण तिला मी एकट्याने धरून ठेवलेलं आहे, ही जी गाठ दोन महिने छातीत होती ती सुटली. रडू आलं ते त्यामुळे.

गावातली माणसं आली ती केळीची खोडं घेऊनच. खोडांना बांबू खुपसून तराफा केला, दोर वरच्या अंगाला झाडाला बांधला, आणि दोघे जण दोराच्या आधाराने तराफा ढकलत खांबाशी गेले. त्यातला एक काळासावळा, ताठ मिशांचा माणूस वर हात करून तिला काहीतरी सांगत होता. तमिळमध्येच सांगत असणार. तिला एक अक्षर कळलं नसेल. तरी ती त्याच्या खांद्यावर उतरली. तराफा निम्म्या वाटेवर आला असेल तेव्हा खांबाचा अलीकडचा कोपरा, जिच्यावर पाय ठेवून ती चढली होती ती सगळी बाजू, विटांसकट पाण्यात बसली.

तिला माझ्या हातात दिलं तेव्हा ती थरथरत होती, पण डोळे कोरडे. मी विचारलं, अगं, मी एवढा बोलावत होतो, तू का नाही आलीस? तिने आश्चर्याने माझ्याकडे बघितलं.

"तुम्हीच म्हणालात ना मामा? वर, वर म्हणून. मी मागे नाही बघितलं. चढले."

मी म्हटलं, "मी म्हटलों?"

"किती मोठ्यांदा म्हणालात. म्हणून तर मला घाई आहे असं कळलं."

मला वाटलं, भ्याली आहे, काहीतरी ऐकल्यासारखं झालं असेल. त्या मिशीवाल्या माणसाचे पाय धरायला गेलो तर तो मागे सरकला. तो वरच्या वळणाजवळच्या वाडीतला शेतकरी. मी त्याला विचारलं, तुम्हाला ही मुलगी आधी दिसली होती का? तो म्हणाला, कुठली दिसते? मी तर माझ्या शेताच्या बांधावर उभा होतो, पाणी दिसलं तसा गावाकडे तोंड करून ओरडलो. वर्षभर वाट बघितलेली, सामी. मी विचारलं, काय ओरडलात? तो हसला. आनंदाने ओरडलो होतो तसंच ओरडून दाखवतो म्हणाला, आणि हात तोंडाशी नेऊन त्याने हाक दिली: "तण्णी वरदु! वरदु! वरदु!"

वरदु म्हणजे येतंय. पाणी येतंय. मी जन्मल्यापासून दिवसातून शंभरदा तो शब्द बोललो असेन. गाडी वरदु, पाऊस वरदु, पाहुणा वरदु. आणि घरात जन्मभर 'वर' म्हणत आलो. हे दोन शब्द एकमेकांना इतके चिकटून आहेत हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. एक उंबऱ्याच्या आतला, एक बाहेरचा. वाऱ्याने त्याच्या हाकेतला पुढचा-मागचा तुकडा उडवून दिला आणि तिच्यापर्यंत पोचलं ते फक्त 'वर'. तिला तमिळ येत असतं तर ती थांबून पाण्याकडे बघत बसली असती, नाहीतर माझ्याकडे धावली असती. आणि मी काय ओरडत होतो? ये. आम्ही दोघं एकाच अर्थाचं ओरडत होतो, तो पाण्याबद्दल, मी तिला. माझी हाक तिच्यापर्यंत पोचली नाही. त्याची पोचली, ती माझ्या भाषेत. त्या माणसाला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, तुमच्या देवाने ऐकलं म्हणायचं. मग तो पाणी शेतात घ्यायला निघून गेला.

घरी आलो तेव्हा बायको दारातच होती. आमचे कपडे बघून तिला काय ते कळलं. तिने शकूला आत घेतलं, डोक्यावरून ऊन पाणी घातलं, दहीभात भरवला. मला एका शब्दाने बोलली नाही. मी मारुतीपुढे गेलो. दिवा मंदावला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यात तेल घातलं, आणि तिथेच बसून बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "छत्री कोठें आहे?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती नदीत गेली. आम्ही दोघं हसलो आणि हसता हसता डोळे पुसले.

बहीण त्या पावसाळ्यानंतर हळूहळू सुधारली. मी शकूला घेऊन गेलो तेव्हा ती त्याच व्हरांड्यात होती, पण उभी. या खेपेला डॉक्टरांनी मुलीला जवळ जाऊ दिलं. नदीची गोष्ट मी बहिणीला पुष्कळ वर्षं सांगितली नाही. तिने मला नमस्कार केला आणि म्हणाली, आणलीस रे अण्णा. मला तो नमस्कार घेता येईना. मी म्हटलं, मी नाही गे आणली, मी नुस्तां बरोबर होतों. तिला वाटलं, मी नेहमीसारखी थट्टा करतो आहे.

हे काय होतं, हे मी ठरवत बसत नाही. वारा तसा होता, बांध तेव्हाच फुटला, शेतकरी आनंदाने ओरडला, पोरीने ते चुकीचं ऐकलं. एवढंच झालं. पण त्या चुकीच्या ऐकण्यावर माझी भाची आज जिवंत आहे, लेकुरवाळी आहे, आणि माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढते आहे. खरी हकीकत मी तिला ती मोठी झाल्यावर सांगितली. ती म्हणाली, "मामा, आवाज त्यांचा असेल. पण शब्द तर तुमचाच होता ना?" उन्हाळाभर मी तो शब्द तिच्या अंगात पेरत होतो तेव्हा मला वाटत होतं, मी तिला सांभाळतो आहे. तो शब्द कुणाच्या तोंडून, कुठल्या भाषेतून, कधी तिच्या कामी येणार, याची मला काय कल्पना?

त्यानंतर मी छत्री पुन्हा घेतली. उगीच खोटं कशाला बोलू. देवळाच्या पायरीशी चपलाही अजून नीट जोडून ठेवतो. पण प्रदक्षिणा घालताना मान वळत नाही. दर वर्षी पाणी यायच्या दिवशी वेण्णारच्या काठी जातो. तो खांब आता नाही. गावातली माणसं नारळ-फुलं घेऊन उभी असतात आणि वळणावर पाणी दिसलं की सगळी एकदम ओरडतात, वरदु, वरदु. माझ्या अंगावर अजून काटा येतो. बाकीचे काय काय मागतात. मी हात जोडतो आणि मागायचं काही आठवत नाही. त्या दिवशी चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाला मी जो शब्द ओरडलो होतो, तोच तेवढा तोंडात येतो, आणि मी तो हळूच म्हणतो. ये.